ओट्यावरची भिकुबाई

सविता बागूल मूळची अमळनेरची. नोकरी मात्र लागली धुळे जिल्ह्यात, सोनगीरपासून आत, किल्ल्याची टेकडी लांबून दिसते अशा एका लहानशा गावात. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत. पहिली-दुसरीला प्रेमराज सर आणि तिसरी-चौथीला सविता मॅडम. तिची पोरं सगळी मिळून सतरंजीच्या दोन ओळींत मावायची. वर्गाला ओट्याच्या बाजूला गजांची एक खिडकी होती. तिच्यातून उजेड यायचा, कधी शेळी डोकवायची, यापलीकडे त्या खिडकीकडे कुणाचं लक्ष नसायचं.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली आणि पोरांमध्ये काहीतरी फरक पडला.

आधी तो गणितात दिसला. सतरा मीटर दोरीचे चार सारखे तुकडे करायचे होते. पोरं पाट्या काढेपर्यंत तिसरीतली पुनम बसल्या जागी म्हणाली, "सतरा पाव सव्वाचार." सविता चमकली. ही पावकी, पाव पटीचा जुना पाढा. तिच्या आजोबांना पाठ होती, तिला स्वतःला येत नव्हती. पुस्तकातून ती कधीच गेलेली. घरी कुणी शिकवलं असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

मग परिसर अभ्यासात भूषणनं आपला जिल्हा 'पश्चिम खानदेश' सांगितला. धुळ्याचं ते नाव जाऊन साठ वर्षं उलटली होती, आणि भूषणचा बापही त्यानंतर जन्मलेला. शनिवारी चित्रकलेच्या तासाला तिनं मनात येईल ते काढा म्हणून सांगितलं, तर निम्म्या वर्गानं एकच चित्र काढलं. खिडकीचे गज, आणि गजांपलीकडून वर धरलेली पाटी. पाटी धरणारा हात होता. चेहरा कुणीच काढला नव्हता.

तशी तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती. उलट पोरं कधी नव्हे इतकी तयार झाली होती. सकाळी शिकवलेली कविता दुपारी तोंडपाठ. इंग्रजीचे शब्द, ग्रहांची नावं, झाडाचे अवयव, काहीही विचारा. केंद्रप्रमुख येऊन पाठ थोपटून गेले. पण सविता फळ्याकडे वळली की तिच्या पाठीमागे कुजबुज सुरू व्हायची. झटकन मागं पाहिलं तर पोरं गप्प नसायची. सगळ्यांचे ओठ हलत असायचे, आणि तोंडं खिडकीकडे.

एकदा मधल्या सुटीत तिनं पुनमला जवळ घेऊन विचारलं. पुनमला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "आजी इचारस, आज काय शिकाडं. मंग सांगनं पडस." कोणती आजी, तर ओट्यावरली. आपण तिला आपलं सांगतो, ती आपल्याला तिचं सांगते, एवढं बोलून पुनम खेळायला पळाली.

सविता बाहेर गेली. ओटा रिकामा होता. थंडीचे दिवस, ओट्यावर दिवसभर सावली, फरशी पायाला गार लागत होती. खिडकीखाली ती वाकली आणि फरशीवर हात टेकला. तिथं एका माणसाच्या बैठकीएवढी जागा ऊबदार होती. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. तिनं हात काढून घेतला आणि साडीला पुसला.

शाळेसमोर कौतिक नानांचं घर. नाना ऐंशीच्या घरातले, याच शाळेत शिकलेले. सवितानं त्यांना पाटीच्या चित्राचं सांगितलं, तशी त्यांनी हातातली विडी खाली ठेवली.

"ती भिकू," ते म्हणाले. "आम्ही मझार बसूत, ती ओटावर. गुरुजी तिनी पाटी हातमा लेत नव्हतात."

बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. भिकूचं घर गावाबाहेरच्या वस्तीतलं. त्या वस्तीतल्या पोरांना तेव्हा वर्गात घेत नसत. बाकीची पोरं कंटाळून यायची बंद झाली, भिकू एकटी येत राहिली. खिडकीतून ऐकायची, पाटी गजांपाशी वर धरायची, गुरुजी लांबूनच बघायचे. उत्तर आधी बाहेरून यायचं, आतली पोरं मार खायची. तिसरीत असतानाच तिचं लग्न झालं आणि शाळा सुटली.

ती वारली कधी, असं सवितानं विचारलं.

"मरी कोठे? जित्ती शे. सावदाले, पोऱ्याजोडे."

मेलेल्या माणसाच्या गोष्टी सवितानं लहानपणापासून ऐकल्या होत्या. जिवंत माणसाचं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीनं निघाली.

सावद्यात भिकुबाईचा मुलगा भिकन केळीच्या गाड्या भरायचं काम करायचा. घर सापडायला अवघड गेलं नाही. आईच्या गावची मॅडम भेटायला आली म्हणून त्यानं कौतुकानं चहा केला. दिवाळीत आई पडली तेव्हापासून अंथरुणाला खिळली होती. सकाळी शुद्धीवर असते, पण दुपारी भ्रम होतो, काहीबाही बडबडते, असं तो म्हणाला. खाटेवर भिकुबाई एवढीशी होऊन पडली होती. सवितानं नमस्कार केला, तिनं नुसतं पाहिलं.

दुपार झाली. भिकुबाईनं डोळे मिटले आणि बारीक, स्वच्छ आवाजात बोलायला लागली. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढग थंड झाले की पाऊस. एकेक वाक्य म्हणून ती थांबायची, जणू आधी कुणाचं तरी ऐकते आहे. मग जरा रागानं म्हणाली, "भूषण, ध्यान दे."

सवितानं बाहेर जाऊन प्रेमराज सरांना फोन लावला. तुमच्या वर्गावर जलचक्र घेतोय, ते म्हणाले. "पण मॅडम, पोरं आज सारखी बाहेरच बघताहेत."

ती आत आली तेव्हा भिकुबाई स्वतःशी पुटपुटत होती, "आज मॅडम उनी नई." मग तिनं डोळे उघडले, आणि सविताला पाहून तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"तू आठे? मंग वर्गवर कोन शे?"

 सविता खाटेजवळ बसली, आणि तुम्ही वर्गात आत का येत नाही, असं तिनं विचारलं.

"कोनी बलायं नई," भिकुबाई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

भिकन दारात उभा होता. हा भूषण कोण, असं त्यानं सविताला विचारलं. 

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला सविता खिडकीपाशी गेली. बाहेर कुणी नव्हतं.  "भिकुबाई," ती गजांतून म्हणाली, "आत या."

पोरांच्या माना खिडकीकडून हळूहळू दाराकडे वळल्या. दारातून पुढं, सतरंजीच्या पहिल्या ओळीपर्यंत आल्या, आणि खाली झाल्या. पुनमनं सरकून जागा दिली. सविता फळ्याकडे वळली. त्या दिवशी तिनं काय शिकवलं ते तिला आठवत नाही. वर्गाकडे पाठ करायची भीती वाटत होती आणि तोंड करायचीही.

संध्याकाळी भिकनचा फोन आला. आई आज दुपारी बडबडली नाही. उठवल्याशिवाय उठून बसली, मांडी घालून समोर बघत राहिली, आणि एकदा खुदकन हसली.

पुढं सगळी थंडी तसंच चाललं. ओळीतली ती जागा पोरं रिकामी ठेवायची, झाडतानासुद्धा तिला वळसा घालायची. सविता शिकवत राहिली. भीती गेली नाही, पण त्या रिकाम्या जागेला कळेल असं ती सावकाश शिकवू लागली. होळीच्या आधी एका सकाळी पुनम सरळ त्या जागेवर येऊन बसली.

"गई ती," सवितानं विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"कुठं?"

"पाचवीमा."

भिकनचा फोन जेवणाच्या सुटीत आला.

भिकुबाईच्या जलदान विधीला सविता सावद्याला जाऊन आली. उन्हाळ्यात आंतरजिल्हा बदल्या निघाल्या तेव्हा तिनं अमळनेर मागितलं, आणि ते मिळालंही. गाव सोडताना तिला हलकं वाटलं, हे तिनं घरी कबूल केलं. आताची शाळा मोठी आहे, गजबजलेली. तरी तास सुरू करण्याआधी ती व्हरांड्यात एक चक्कर मारून येते. बाहेर कुणी नसलं की तिला बरं वाटतं, आणि दार लोटून घेताना तिचा हात जरासा रेंगाळतो.