कोरडा रुमाल आणि मेथीच्या जुड्या

कॉलेजातल्या मैत्रिणींनी एका कादंबरीचं इतकं कौतुक केलं होतं, की मी रुमाल घेऊनच वाचायला बसले. पाणी मोजून देणारं जुलमी सरकार आणि त्याला भिडणारी सोळा वर्षांची मुलगी. पण मी रडू कधी येतंय याचीच वाट बघत राहिले. कसलं काय, डोळे कोरडेच! चिडून पुस्तक फेकलं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना आईने गोष्ट विचारली. मी नाक मुरडत सांगू लागले. मुलगी धरणाच्या भिंतीवर चढली, तशी आईच्या हातातली जुडी सुटली.

"अगं, पुढं सांग ना!"

सांगता सांगता माझाच आवाज भरून आला. आईने डोळ्यांना पदर लावला. रुमाल मला लागला.

पंचवटीच्या बाजारात आमची निम्मी मेथी जुड्या न बांधता सुटीच गेली, भावही कमी मिळाला. जाऊ दे! आम्ही दोघींनी धरण जिंकलं होतं.