चष्म्यावरची वाफ

आमचे हे दोनदा आंधळे झाले. पहिल्यांदा ते खोटं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. प्रोफाइल सुनेचं आहे, टाइप पण वैशालीच करतेय. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सापडल्या तर त्या तिच्या.
(हे लिहायला ती तयार नव्हती. लिही म्हटलं.)

तेव्हा आम्ही मिनेसोटाला होतो, मुलाकडे, संजूकडे. वैशाली म्हणते २००५ चा हिवाळा. मला एवढंच आठवतं की बाहेर राहिलेला टॉवेल पापडासारखा कडक झाला होता.

हे म्हणजे रिटायर्ड ड्रायव्हर. आख्खी नोकरी घाटात लाल गाडी चालवली. अमेरिकेत मात्र संजू स्टिअरिंगला हात लावू देईना, कारण डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरने सांगितलं होतं, ड्रॉप्स घाला, पण गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही.

तेव्हापासून रोज उठलं की हे एक डोळा झाकून खिडकीतून समोरच्या मेलबॉक्सकडे बघायचे. मग दुसरा झाकून.

दिसला की चहा मागायचे.

कधी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. चहा मागितला की मला कळायचं.

शेजारी डेल नावाचा म्हातारा होता. त्याच्याकडे स्नोमोबिल होती, बर्फावर पळणारी स्कूटरच म्हणा. घरामागे त्याचं मोकळं शेत. ह्यांचा जीव त्या गाडीत अडकला. एकदा चालवू दे, म्हणून लहान पोरासारखे संजूच्या मागे लागले.

संजू म्हणाला, "बाबा, डोळे."

हे म्हणाले, "म्हणून तर आत्ता."

संजू उठून डेलकडे गेला.

निघतानाचा थाट काय सांगू. ह्यांची माकडटोपी दिवाळीला डोक्यावर चढायची ती होळीलाच उतरायची. टोपी, त्यावर तोंडाभोवती मफलर, त्यावर जाड भिंगांचा चष्मा आणि त्यावर हेल्मेट. डेलने टोपीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. संजू म्हणाला, बाबा, ती काढा म्हणतोय. हे म्हणाले, मला सर्दी झाली तर तो येणार आहे का वाफारा द्यायला?

हेल्मेटची काच खाली केली आणि निघाले.

थोडं गेले, आणि शेताच्या मधोमध गाडी थांबली.

आम्ही हात हलवला. हे हलेनात. समोर बघत नुसते बसून.

संजू धावला. मागून मी, साडीवर सुनेची स्नो पँट चढवलेली, बदकासारखी.

"संजू," हे म्हणाले, "गेली रे."

"काय गेलं, बाबा?"

"नजर."

ओरडले नाहीत. गाडी वेळेवर सुटली असं सांगावं, तशा आवाजात म्हणाले.

संजूने हेल्मेटची काच वर केली. आतला चष्मा दुधासारखा पांढरा. टोपी आणि मफलरमुळे श्वासाला खाली वाट नव्हती, सगळी वाफ चढली ती भिंगांवर आणि काचेवर.

संजूने चष्मा काढला. तरी ह्यांनी डोळे घट्ट मिटलेले. उघडायची भीती. ह्यांना असं घाबरलेलं मी घाटातसुद्धा पाहिलं नव्हतं.

म्हटलं, "अहो, उघडा. मी आहे समोर."

उघडले.

"काय दिसतंय?"

"तुझं नाक."

"म्हणजे सगळं दिसतंय."

हसले. हसता हसता रडले. संजू उगाच गाडीभोवती फिरून चाकं शोधत होता. त्या गाडीला पुढे चाकं नसतातच.

मग डेलने स्वयंपाकघरात नेलं. भांड्यांच्या साबणाचा थेंब भिंगांवर चोळला, मऊ फडक्याने लख्ख होईपर्यंत पुसला. माकडटोपी जप्त. नाकावर रबराचा पडदा बसवला, श्वास खाली जावा म्हणून. आणि सांगितलं, वेग कमी केला की हेल्मेटची काच बोटभर उघडायची.

हे कपाळावर हात मारून म्हणाले, अरे, पावसात मी हेच करायचो. खिडकी बोटभर उघडी. पॅसेंजर भिजले म्हणून शिव्या द्यायचे, पण पुढची काच साफ राहायची.

म्हटलं, बसची काच सांभाळलीत, स्वतःच्या नाकावरची विसरलात.

मग मला मागे बसवून निघाले. वेग असा की डेलचं कुत्रं पुढे जाऊन आमची वाट बघत बसलं. कुंपणाशी गाडी थांबवली आणि थांबूनच राहिले. मी मागून ह्यांचा खांदा हलवला.

"आता काय झालं?"

"डबल बेल दे की."

मी हेल्मेटवर दोनदा टकटक केलं. टण टण. गाडी निघाली.

पुढे आम्ही सगळे इकडे, अमेरिकेतच, चँडलरला आलो. वाळवंट. बर्फ नाही, वाफ नाही. आणि इथेच, एका सकाळी, ह्यांनी चहा मागितला नाही.

मी तरी करून दिला.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी म्हणाले, "भिंगांवर वाफ आलीय गं. पूस."

चष्मा कोरडा होता. मी पदराने पुसला. दोन्ही बाजूंनी, नीट. परत नाकावर बसवला.

"आता?"

"आता लख्ख."

"काय दिसतंय?"

"तुझं नाक."

वैशाली रडत होती, म्हणून टायपिंग थांबलं होतं. शेवटी श्रद्धांजलीचं लिहू का, विचारते. मी नको म्हटलं. ड्रायव्हरला असा निरोप देत नाहीत.

अहो, काच पुसलेली आहे. पुढचा रस्ता साफ आहे.

टण टण.

निघा.