रद्द झालेली जागा

इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाने चाळिशी उलटल्यावर विद्यापीठात नाव घातलं, ते तंत्रज्ञाची जागा मिळावी म्हणून. प्रत्येक तासाला तो विचारायचा, “सर, हे परीक्षेला आहे का?” नसलं की त्याचं लक्ष उडायचं. पोरं त्याला ‘परीक्षाकाका’ म्हणत.

मग ती जागाच रद्द झाली.

“आता कशाला जाताय? बसा की घरी निवांत,” बायको म्हणाली.

तरी दुसऱ्या दिवशी सवयीने त्याचे पाय वर्गाकडे वळले. सर रक्त कसं गोठतं ते सांगत होते.

“काका, हे परीक्षेला नाही बरं का,” शेजारच्या मुलीने चिडवलं.

“असू दे,” तो म्हणाला आणि ऐकत राहिला. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं.

घरी आल्यावर चपला काढता काढता तो बायकोला म्हणाला, “उद्याही जातो.”