उद्या ती लॉबीत दिसायला हवी

"नाही गं, आम्ही सोमवारी घेणार. आज आधी स्टाफला दिलीय ना. दोन दिवस बघू, त्यांना काही होतंय का."

सातव्या मजल्यावरच्या मॅडम लिफ्टमध्ये बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी समोरच. हातात त्यांच्याच भाजीच्या दोन पिशव्या, दंडावर तासाभरापूर्वीच्या सुईचा कापूस. त्यांनी आवाज कमी केला नाही. भाजीच्या पिशवीसमोर कोण आवाज कमी करतं?

ठाण्यातल्या त्या मोठ्या सोसायटीत मी सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे पाण्याचा टँकर आला की रहिवाशांच्या ग्रुपवर मेसेज, लिफ्ट बंद पडली की मेसेज, आणि दोन्हीबद्दल बोलणी खायला मीच. लशीसाठी लोक पहाटेपासून रांगा लावत होते तेव्हाची गोष्ट. सोसायटीने क्लबहाउसमध्ये खासगी शिबिर ठरवलं. शनिवारी स्टाफ, सोमवारी रहिवासी. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची माणसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. खुर्चीत बसून फोटो काढून घेतला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'पहिला नंबर'.

कल्याणच्या मेहुण्याचं उत्तर लगेच आलं. 'जपा दाजी. माझा गुडघा लशीनंतरच गेला.' त्याचा गुडघा माझ्या लग्नात पंगतीला बसतानाही गेलेलाच होता, पण जावयाने हे बोलायचं नसतं. बायकोचं मत वेगळं. "डॉक्टर देतायत तर घ्या गप. गुडघ्याचं त्याच्या वजनाला विचारा."

मी हसलो होतो. लिफ्टमधून उतरलो तेव्हा हसू संपलेलं. मान नव्हता तो. आमच्या अंगावर करून बघत होते.

आणि हे कळूनही मी खाली जाऊन कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर सर्वांत आधी सुनंदाबाईला सांगावं लागलं असतं.

सुनंदाबाई बी विंगचा जिना आणि लॉबी पुसायची. कोपरीला राहायची. सकाळी ती एकटीच नको म्हणत होती. "दादा, आमच्या गल्लीतली बाई चार दिवस उठली नव्हती. मला राहू द्या."

"अगं, मी घेतोय ना," मी म्हणालो. "मला काही झालं तर तू घेऊ नकोस."

मला काही झालं नाही. ती बसली खुर्चीत. माझ्या शब्दावर बसली. डॉक्टरांनी सगळ्यांना नीट सांगितलं होतं, ताप येऊ शकतो, आला तर आराम करा.

रविवारी संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांचा फोन. "किती जणांना ताप?"

"दोघांना थोडा, सर. सुनंदाबाईला जास्त. तिचा नवरा सांगत होता, उभं राहवत नाही."

"तिचं ग्रुपवर टाकू नकोस. लोक घाबरतील. उद्या ती लॉबीत दिसायला हवी."

मी ग्रुपवर टाकलं, 'सर्व स्टाफ ठणठणीत आहे.' शेवटी जोडलेले हात. मग तिला फोन लावला.

"बाई, फक्त तासभर. नुसतं तोंड दाखवून जा."

"दादा, अंग भाजतंय."

"गोळी घेऊन ये ना."

आली. सोमवारी नऊ वाजता बी विंगच्या लॉबीत ती पोछा धरून उभी होती. म्हणजे पोछ्याने तिला धरलेलं. रहिवासी एकेक करून उतरत होते, तिच्याकडे बघत क्लबहाउसकडे जात होते. एका काकांनी विचारलंसुद्धा, "काय बाई, काही त्रास?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एकदम फिट आहे, काका."

पाच मिनिटांत ती जिना पुसायला चढली आणि तिथूनच कोसळली. हनुवटी फुटली. सातव्या मजल्यावरच्या मॅडमनीच तिच्या कपाळाला हात लावला. "अहो, ही तापाने फणफणलीय." रांग मोडली. निम्मे लोक घरी परत गेले.

साहेबांनी मला सगळ्यांसमोर धरलं. "बाईला तासभर उभं ठेवता येत नाही तुला? सुपरवायझर म्हणे. झाडू दे याच्या हातात."

"सॉरी सर," मी म्हणालो. रक्त तिच्या हनुवटीतून येत होतं, आणि मी सॉरी त्यांना म्हणत होतो.

तिचा ताप आणखी दोन दिवसांनी उतरला. पालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, असा ताप येतो काहींना, झोपून राहायला हवं होतं. म्हणजे हिशोब सरळ आहे. ताप लशीने आणला. जिन्यावरून मी पाडलं.

पण कमिटीला वेगळं कारण हवं होतं. मंगळवारी साहेबांनी एक कागद पुढे केला. सदर महिलेस पूर्वीपासून फिट येतात, ही बाब तिने लपवली, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली साक्षीदार म्हणून माझी जागा. मी सही केली. पेन चालत नव्हतं, तर दुसरं मागून घेऊन केली. एवढा मी कामसू.

आठवड्याभरात कळलं, आजूबाजूच्या एकाही टॉवरमध्ये तिला काम मिळत नाही. सगळ्या गेटवर एकच, 'तिला फिट येतात.' घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं, कागदाचंही. सांगितलं तेही तक्रारीसारखं, मला कसं सगळ्यांसमोर बोलले म्हणून. तिने वाढायचं थांबवलं.

"तिला फिट येतात का?"

"नाही."

"मग सही कोणाची आहे?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑफिसात बोलावलं. दुसऱ्या डोसचं शिबिर ठरत होतं. "स्टाफ आधी. या वेळी धडधाकट बघून नावं दे."

"नाही देणार, सर. आमचा डोस आम्ही पालिकेच्या केंद्रावर घेऊ."

"तुझं मत विचारलं नाही मी."

"माहीत आहे."

मी तिथेच, त्यांच्या टेबलासमोर उभा राहून, रहिवाशांच्या ग्रुपवर लिहिलं. सुनंदाबाईंना फिट येत नाहीत. त्यांना ताप होता. मला माहीत होतं. सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलं म्हणून मी त्यांना बोलावलं, तुम्हाला धीर यावा म्हणून उभं केलं. मी खोटी सही केली.

जोडलेले हात टाकले नाहीत. दोन मिनिटांत ग्रुपमधून काढलं, महिनाअखेरीला नोकरीवरून.

मेसेज घेऊन कोपरीला गेलो. हनुवटीवर टाके होते. सुनंदाबाईने तो दोनदा वाचला, फोन परत दिला.

"नऊ दिवस लागले तुम्हाला," म्हणाली. चहा विचारला नाही. दादाही म्हणाली नाही. पुढे तिला काम मिळालं ते लांब, डोंबिवलीला.

आता मी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या गेटवर असतो. लशीवरून वाद अजून होतात. कोणी म्हणतं तिच्यामुळे वाचलो, कोणी म्हणतं तिच्यामुळेच छातीत दुखतं. माझ्याकडे वळून विचारतात, तुम्हाला काय वाटतं? त्याचं उत्तर डॉक्टरला विचारा. मी माझं सांगतो. सुनंदाबाईला ताप होता, मला माहीत होतं, मी बोलावलं.

मग कोणीतरी समजुतीने म्हणतं, जाऊ द्या हो, तो काळच तसा होता.

काळाने फोन लावला नव्हता. मी लावलेला. हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, आणि कोणालाही ते हलकं करू देणार नाही.