उजेड चुकलाय, नवन्या

दुपारी बाराचा सुमार होता. बारामतीतल्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाच्या बोर्डांची गर्दी होती. फोन वाजला, पलीकडून बावड्याचा गणेश म्हणाला, "नवनाथ, श्रद्धांजलीचा बोर्ड पायजे, संध्याकाळपर्यंत." मी सवयीनं विचारलं, "साईज काय? नाव सांग." त्यानं नाव सांगितलं... जालिंदर तात्या. गणेश त्यांचा पुतण्या. "आन फोटू?" मी विचारलं. "त्योच तर घोळ हाय. सगळ्या तालुक्याचं फोटू काढलं माणसानं, सोताचा एक न्हाय घरात. तुज्याकडं आसंल की एखांदा." होता. माझ्याकडे तात्यांचा एकच फोटो होता, आणि तो कशाला वापरला होता हे आता मला एकट्याला माहीत होतं.

बावड्यात बाजारपेठेत तात्यांचा स्टुडिओ. दहावीनंतर मी तिथं कॅमेरा पुसायला लागलो आणि पाच वर्षांनी फोटो काढायला. इंदापूर तालुक्यातली निम्मी लग्नं आम्ही दोघांनी काढली असतील. तात्या शिकवायचे कमी आणि वैतागायचे जास्त. "बटन दाबायच्या आदी उजेड कुठनं येतोय ती बघ की रं बाबा!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणाशी बोलताना माझी नजर आधी खिडकी शोधते. पुढं कॉम्प्युटर आले. मला ते भराभर जमलं आणि मी बारामतीत दुकान टाकलं. उद्घाटनाला तात्या पहिल्या एस.टी.नं आले. माझा नवा कॅमेरा स्टुलावर ठेवला, दहा सेकंदांचं टायमर लावलं आणि धावत येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. येताना चपलेत पाय अडकला, पडता पडता वाचले, आणि त्याच हसण्यात फोटो निघाला. आयुष्यभर कॅमेऱ्यामागं उभा राहिलेला माणूस त्यात समोर आहे. डावीकडं शटर उघडं, उजेड तिथून. मी त्या बाजूला, तात्या माझ्या पलीकडं.

माझा धंदा काय, तर जो माणूस पुढाऱ्याच्या जवळपासही कधी फिरकला नाही, त्याला पुढाऱ्याच्या शेजारी उभा करायचा. ज्या आजोबांनी जन्मात कोट घातला नाही, त्यांना मेल्यावर कोट घालायचा. त्यामुळं गावाच्या ग्रुपवर जेव्हा तो व्हिडिओ आला, की चंद्रावर माणूस गेलाच नव्हता, सगळं स्टुडिओत शूटिंग केलंय, तेव्हा मी छाती फुगवून लिहिलं, "मी रोज हेच करतो. माझ्यासारख्याला जमतं, तर अमेरिकेला का जमणार नाही?" झालं! गावानं मान डोलावली. नवनाथ म्हणतोय म्हणजे खरंच असणार, त्यातला माणूस आहे तो.

दोन दिवसांनी तात्या थेट दुकानात. पिशवीतून एका लग्नाच्या रिसेप्शनचा फोटो काढला. "ह्यात वर आभाळ हाय, चांदण्या दिसत्यात का? नवरीचं तोंड उजेडात हाय म्हनून कॅमेऱ्याची पापणी पटकन मिटली, चांदण्यांचा उजेड पोचलाच न्हाय. चंद्रावर बी तीच गत. भर उन्हात पांढरी कापडं घातलेल्या माणसाचा फोटू हाय त्यो." मग चंद्रावर रोवलेल्या झेंड्याचं सांगितलं, त्याच्या वरच्या काठात आडवी दांडी होती म्हणून तो ताठ होता आणि हलत होता तो फक्त खांब रोवताना. मग धुळीचं. "सणसरच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की धुरळा किती येळ तरंगतोय? चंद्रावर चालवलेल्या गाडीच्या चाकाची धूळ बघ. उडाली की कमानीसारकी सरळ खाली. हवाच न्हाय तर तरंगंल कशी? आन आपल्या देशाच्या यानानं बी वरनं त्या जागंचा फोटू काढलाय, त्ये बी खोटं का?" दुकानात चार गिऱ्हाइकं. मी हसून म्हणालो, "तात्या, करता येतंय ना? मग केलंच असणार." ते चिडले. "चोरी करता येती म्हनून गावातला परत्येक माणूस चोर व्हय रं? करता येनं येगळं आन केलेलं आसनं येगळं!" आणि जाता जाता भिंतीवरच्या माझ्या बोर्डाकडं बोट दाखवून म्हणाले, "त्या पावण्याची सावली कुठं गेली?" गिऱ्हाइकं खो खो हसली. मला ते लागलं. खरं सांगायचं तर चंद्राचं काही लागलं नव्हतं, ती सावली लागली.

पुढच्या आठवड्यात गावच्या शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम होता आणि तात्यांना याच विषयावर बोलवलं होतं. मी उद्घाटनाचा फोटो उघडला, तात्यांचं ते हसरं तोंड कापलं, अंतराळवीराच्या कपड्यात बसवलं, चंद्रावर उभं केलं, हातात उसाचं कांडं दिलं. खाली लिहिलं, 'चांद्रवीर तात्या, मुक्काम पोस्ट बावडा'. दुसऱ्या सिमवरून गावभर सोडून दिलं. हे करताना एक गोष्ट घडली, ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. कपडे नीट बसावेत म्हणून मी चंद्रावरचे खरे फोटो ढिगानं चाळले होते. सावल्या, चकाकी, दगडांच्या कडा... एकातही उजेड चुकलेला नव्हता. रोज खोटं बनवणाऱ्याला खोटं लगेच कळतं हो. ते फोटो खरे होते, आणि हे मला त्याच दुपारी कळलं होतं. कळूनही मी बटन दाबलं. ग्रुपवर एकदा बोलून बसलो होतो ना!

शाळेतल्या कार्यक्रमाचा बोर्ड मीच बनवला होता, त्यामुळं तो बांधायला मी हजर. तात्यांनी मैदानात खाचखळग्यांत दोन खुंट्या रोवल्या. "सूर्य एकच हाय, तरी सावल्या सारक्या पडल्यात का? जिमीन खालीवर आसली की सावली बी वाकडी जाती," एवढंच बोलून झालं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "चांद्रवीर!" मग सगळं मैदान ओरडायला लागलं. मास्तर लोक तोंड फिरवून हसत होते. फोटो तात्यांच्या आधी शाळेत पोचला होता. तात्यांना आधी कळेना. कुणीतरी मोबाईल पुढं केला. त्यांनी तो उन्हातून सावलीत नेला, नीट पाहिला, परत दिला आणि खुंट्या उपटून पिशवीत भरल्या. मी बोर्डाची दोरी धरून उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर... नाही बोललो. माझ्याजवळून जाताना ते क्षणभर थांबले आणि हळू म्हणाले, "उजेड चुकलाय, नवन्या. तोंडावर डावीकडनं हाय, कपड्यावर उजवीकडनं." बस. त्यानंतर त्यांनी ग्रुप सोडला. कुठल्या शाळेत गेले नाहीत. रस्त्यात भेटले की बरा हायेस का विचारायचे आणि मी घाईत असल्यासारखं करायचो. दोन वर्षं मी घाईतच होतो.

गणेशचा फोन आला तेव्हा मूळ फोटो जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेलेला होता. उरलं होतं ते फक्त कापलेलं तोंड, चंद्रावर नेलेलं. तेच काढलं. गळ्याखाली पांढरा सदरा बसवला आणि छापलं. दशक्रियेला घाटावर त्या बोर्डापुढं भाषणं झाली. मला बोलायला लावलं, तर मी 'गुरुतुल्य', 'पोकळी' वगैरे बोललो. लाज वाटते सांगायला, माझा आवाज कापरा झाला तेव्हा लोकांना ते दुःख वाटलं. खाली काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, कुणाला तरी म्हणत होत्या, "ज्यानं त्यो चंद्राचा फोटू केला ना, त्याच्या हाताला यश येऊ नये." मी तिथंच उभा होतो.

महिन्याभरानं त्यांनी मला बोलावलं. बोर्डावरच्या त्याच फोटोची तसबीर भिंतीवर, हार घातलेली. "नवनाथा, ह्यांच्या मानंवर ह्यो काळा डाग कसला रं? तेवढा काढून दे." मी जवळ गेलो. डाग नव्हता. माझी सावली होती ती, उद्घाटनाच्या दिवशीची, मी उजेडाच्या बाजूला उभा होतो त्याची. कापताना राहून गेली होती. पुसायला दोन मिनिटं लागली असती... "काकी, ती माझी सावली हाय," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. सिम, सदरा, सगळं.

काकी तसबिरीकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मी ह्यांना इचारलं हुतं, कुणी केलं आसंल म्हनून. म्हनाले, पुण्याकडचं कुणीतरी आसंल, आपल्याकडं येवढं सफाईचं काम कुणाला जमतंय?" तात्यांनी मला चूक दाखवली आणि घरात माझं नाव लपवलं. ज्या माणसानं जन्मभर एक खोटा फोटो दिला नाही, तो माझ्यासाठी बायकोशी खोटं बोलला. मी रडलो. काकींनी समजूत काढली नाही. आत गेल्या, तात्यांची पिशवी आणली आणि माझ्यापुढं टाकली. "शाळंत जा. आदी त्यो फोटू कुणी केला ती सांग, मंग चंद्राचं सांग. तवर ह्या घरात येऊ नगं. आन ती सावली पुसू नगं, ऱ्हाऊ दे तशीच."

पिशवीत दोन खुंट्या आहेत, रिसेप्शनचा तो फोटो आहे आणि काठीला बांधलेला एक रुमाल आहे. त्याच्या वरच्या दुमडीत तात्यांनी तार घातलीय. झेंडा दाखवायची वेळ त्या दिवशी आलीच नाही. तो आता माझ्या काउंटरवर उभा आहे. पंखा बंद असला तरी ताठ असतो, गिऱ्हाइकं विचारतात हे काय. शाळेच्या बाईंनी येत्या शनिवारी सकाळचा तास दिलाय. चांदण्यांचं, धुळीचं, सावल्यांचं, सगळं तात्यांच्याच शब्दांत पाठ झालंय. त्याच्या आधी बोलायचं ते एक वाक्य तेवढं दुकानात एकट्यानं म्हणून बघतो, आणि अजून ते तोंडातून पुरतं बाहेर पडत नाही.