संशयितांत माझं नाव नाही

खडवलीला आमच्या अंगणातल्या मांडवात एकाच दिवशी दोन लग्नं लागली, माझं आणि माझ्या दादाचं. मी डोंबिवलीला जायची होते आणि माझ्या नवऱ्याची बहीण मीरा आमच्या घरी यायची होती. याला साटंलोटं म्हणतात. संध्याकाळी गाडी सुटली आणि मी मागच्या काचेतून पाहिलं, तर मीरा आमच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडत होती. रडायचं माझं राहूनच गेलं. मनात एवढंच आलं, की हिला आता माझी खिडकीजवळची जागा मिळणार.

गाडीच्या दाराशी आई म्हणाली होती, "शहरात चाललीस. कुणाच्या अध्यात नको नि मध्यात नको."

डोंबिवलीत मीराची खोली आमची झाली. तिथे कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिची इंग्रजी पुस्तकं होती, सगळी रद्दीवाल्याकडून घेतलेली आणि सगळी एकाच जातीची. लहानसं इंग्रजी गाव, चर्च, पोस्ट, चहाचे कप, दारापुढे गुलाब, आणि कुणाचा तरी खून. "घेऊन जा ना," मी तिला म्हटलं होतं. आम्ही दोघी एकमेकींना वहिनीच म्हणतो, नात्याने दोघी खऱ्या. ती हसली. "वहिनी, मला आता कशाला? तुमच्या गावात रोज एक प्रकरण असतं."

ते मला लागलं. तुमच्या गावात म्हणाली, पण गाव आता तिचं होतं आणि माझ्याकडे गावाची पुस्तकं होती.

मी ती वाचली. आधी शब्दकोश घेऊन, पुढे सवयीने. पाद्री आला की मी आमचा गुरव डोळ्यांसमोर आणायची. पोस्टातली बाई म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीवालीसारखी, कुणाकडे पाहुणे आले हे दळणावरून सांगणारी. मला कामं नीट मांडून करायची सवय, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने संशयितांची नावं लिहायची आणि एकेक खोडत जायची. खुनाचं भय कधी वाटलं नाही. हेवा वाटायचा. त्या गावात एखादी बाई नवी टोपी घालून निघाली तरी चार पडदे हलतात. आता ठाण्यात आम्ही उंच इमारतीत राहतो. पाहुणा आला की अ‍ॅपवर विचारणा येते, मी हो म्हणते, संपलं. समोरच्या फ्लॅटमधली बाई मला तिच्या चपलांवरून माहीत आहे. आईने सांगितलं तसंच झालं, मी कुणाच्याच अध्यात-मध्यात नाही.

या पुस्तकांचा एक नियम मला फार उशिरा कळला. बाहेरून आलेल्या माणसाला पोलीस आधी पकडतात आणि शेवटी सोडून देतात. खुनी असतो तो गावातलाच. खरा संशय यायलासुद्धा माणूस तिथला असावा लागतो.

कळला तो आईच्या अडकित्त्यामुळे. उन्हाळ्यात मी दोन दिवस खडवलीला गेले होते. जेवण झालं, आईने पानाचा डबा उघडला, तर अडकित्ता नाही.

"मीरा! कुठं टाकलास गं? त्या दिवशी चिंच फोडायला नेलावतास."

"आई, तो ठेवला मी जाग्यावर. उगाच माझं नाव नका घेऊ."

"मग कुणाचं घेऊ? तुझ्या नवऱ्याचं? त्याला सुपारी नि खडा यातला फरक कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच त्यानेच नेला असेल," मीरा म्हणाली, आणि दोघी हसत हसत भांडत राहिल्या. शेजारची काकू कुंपणावरून डोकावली, तिच्यावरही आळ आला. तिने तो आनंदाने परतवला. मी पर्स पुढे केली.

"आई, माझीही बघ."

"तुझी कशाला? तू पाहुणी."

दादाने तो पंपाची वायर कापायला नेला होता. सापडला, त्याने बोलणी खाल्ली, चहा झाला. मला मात्र चहा गोड लागेना. गावात इतके संशयित, आणि मी त्यांत नाही. मीराला इतकं मोकळेपणाने रागावणारी ती बाई माझी आई होती. मला ती शेवटचं कधी रागावली, मला आठवेना.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले. निघताना आई आतून माझ्यासाठी आमसुलं आणायला गेली, मीराही आत तिच्यासमोर पिशवी धरून उभी होती, आणि मी पानाच्या डब्यातून अडकित्ता उचलून पर्समध्ये टाकला. माझ्या वयाला हे शोभत नाही, मला माहीत आहे.

मग वाट पाहिली. मीराचे फोन आले, पण सगळे पाण्याच्या टाकीचे आणि काकूच्या गुडघ्याचे. अडकित्त्याचं नाव नाही. वाटलं, दादावर भागलं असणार. मग काल आईचाच फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"चोरटे! अडकित्ता आण माझा."

"कशावरून मीच?"

"घरातलंच कुणीतरी असणार ना? दादा कामावर होता. मीरा माझ्यासमोर होती. मग राहिलं कोण? लाज नाही वाटत, आईचा अडकित्ता पळवायला?"

ती बराच वेळ बोलली. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. खाली टॉवरचं आवार दिसत होतं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तुमच्यापैकी जे असेच निघून आलेत, त्यांना सांगते: काही हरवल्यावर ज्या घरातली माणसं आपल्यालाही धरतात, ते घर अजून आपलं आहे.

"आई, तूच ओळखलंस?" मी विचारलं.

"मी कुठली! मला वाटलं, काकूच. मीरा पहिल्या दिवसापासून म्हणत होती, वहिनीने नेलाय. म्हणाली, विचारू नका, मजा बघा."

म्हणजे इतके दिवस पाण्याच्या टाकीचं बोलताना तिला ठाऊक होतं. पुस्तकं माझ्याकडे, आणि गुन्हा उघड केला तिने.

शनिवारी अडकित्ता घेऊन जाणार आहे. पर्स मीरासमोर उघडावी लागेल. ती हसेल, आणि आई आधी तिच्याकडे बघून हसेल.