महिरपी कंस आणि डिस्पॅचची खुर्ची

वालीवच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून द्यायचं काम माझ्याकडे होतं. एकात मालाची नोंद, दुसऱ्यातून खोक्यांवरची लेबलं. मी नायगावला घरी बसून करायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो.

फाइलमध्ये लॉट नंबराची जागा राखायला मी दुहेरी महिरपी कंस टाकले होते. लेबलवाल्या सॉफ्टवेअरची तीच खूण. घोळ असा, की नोंदवाल्याचीही तीच. ते आधी चालायचं, कंस आपलेच समजायचं, आतलं नाव ओळखीचं नसलं की जागा कोरी करून पुढे ढकलायचं. मला हे दिसलंच नाही, कारण कंटाळा करून मी लेबलवालं एकटंच चालवून बघितलं होतं.

डिस्पॅचला, म्हणजे लेबलं लावून माल रवाना होतो तिथे, कळंबच्या एक ताई बसायच्या. गुडघे पार गेलेले, म्हणून मालकांनी मुद्दाम बसायचं काम दिलेलं. त्यांचा दोनदा फोन आला. "सर, लेबलवर लॉट नंबर येत नाय. कोनाला सांगू?" मी फाइल न उघडताच म्हणालो, "ताई, प्रिंटर बघा." बिचारीने नंबर पेनाने लिहून माल पाठवला. हाताने लिहिलेलं चालत नाही म्हणून गिऱ्हाइकाने सगळा परत धाडला.

तेव्हा कुठे मी फाइल उघडली. पाच मिनिटांत कळलं. लेबलवाल्याची खूण बदलून टक्क्याचं चिन्ह केलं, झालं काम. बदलाच्या नोंदीत कारण लिहायची आमची पद्धत आहे. मी लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. किरकोळ, म्हणे. लाज वाटली, पण मालकांना फोन काही केला नाही.

पुढच्या आठवड्यात तपासायला कारखान्यात गेलो. मालकांनी मला डिस्पॅचच्या खुर्चीवरच बसवलं. लेबल निघालं, नंबरासकट. "बाईंना पॅकिंगला टाकलं," ते सहज म्हणाले. "मनानेच काहीतरी लिहीत बसतात. तिकडे उभ्याने काम आहे, डुलकी तरी येणार नाही." अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात ताई आल्या, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"सर, जरा उठवते तुम्हाला. ती खालची उशी माझी हाय."

मी उठून उशी दिली.

"आता येतो ना नंबर?"

"येतो."

"चला, बरं झालं. मला वाटलं, माझ्याच हातून कायतरी बिघडलं."

मालक शेजारीच उभे होते. मी परत खुर्चीत बसलो.